झाकल्या मुठीतली माफी

१६७९ साली इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहात एका चर्मपत्रावरून मोठे रण माजले. राजा दुसरा चार्ल्स याचा मुख्य खजिनदार अर्ल ऑफ डॅन्बी याच्यावर आदल्या डिसेंबरात महाभियोग दाखल झाला होता. फ्रान्सच्या राजाकडून पैसा मिळवण्यासाठी त्याने गुप्त पत्रे लिहिल्याचे उघडकीला आले होते. ती पत्रे राजाच्याच संमतीने गेली होती, त्यामुळे खटला चालला तर धग सिंहासनापर्यंत पोहोचणार हे सगळ्यांना दिसत होते. राजाने ती संसदच बरखास्त केली. मार्चमध्ये नवी संसद भरली, तिने जुना महाभियोग पुन्हा हाती घेतला, आणि तेव्हा डॅन्बीने राजमुद्रा असलेले माफीपत्र पुढे केले. ते केव्हा लिहिले गेले, कोणत्या कचेरीत नोंदले गेले, याचा सभागृहाला काहीच पत्ता नव्हता. राजमुद्रा लॉर्ड चॅन्सेलरच्या ताब्यात असे, म्हणून त्याच्याकडे विचारणा झाली. त्याने सांगितले की हे पत्र नेहमीच्या कचेऱ्यांमधून फिरलेच नाही. राजाने मुद्रा पिशवीतून काढायला लावली, चर्मपत्राच्या माथ्यावर स्वतः नाव लिहिले आणि ती पिशवी नेहमी वाहणाऱ्या माणसाकडून शिक्का उमटवून घेतला. तेवढ्या वेळापुरती मुद्रा आपल्या ताब्यात होती असे आपण मानत नाही, असेही तो म्हणाला.

कॉमन्सने ती माफी बेकायदा आणि शून्यवत ठरवली. डॅन्बी जवळपास पाच वर्षे टॉवर ऑफ लंडनमध्ये अडकून पडला. पुढे १७०१ च्या ‘अॅक्ट ऑफ सेटलमेंट’मध्ये कायमचे लिहून ठेवले गेले की कॉमन्सने चालवलेल्या महाभियोगाला राजमुद्रेची माफी हे उत्तर होऊ शकणार नाही. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्यांना हा इतिहास पाठ होता. राष्ट्राध्यक्षाला माफीचा अधिकार देताना ‘महाभियोगाची प्रकरणे वगळून’ असा अपवाद त्यांनी घातला, तो या परंपरेतूनच आला. पण डॅन्बीच्या माफीत आणखी एक दोष होता. ती चोरून दिलेली होती. त्या दोषावर घटनेत एक अक्षरही आले नाही. पुढच्या पानांचा विषय आहे तो नेमका हा राहून गेलेला भाग.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष एखाद्याला माफी देऊन ती लपवून ठेवू शकतो का? ना घोषणा, ना न्याय खात्यात नोंद. एक सही केलेला कागद, आणि तो कुणाच्या तरी तिजोरीत. असा कागद वर्षांनंतर न्यायालयात बाहेर काढला तर तो उभा राहतो का? डोनाल्ड ट्रम्प यांचा पहिला कार्यकाळ जानेवारी २०२१ मध्ये संपत आला तेव्हा हा प्रश्न अमेरिकी वकिलांत आणि वृत्तपत्रांत उघडपणे चर्चिला गेला. त्यानंतर जो बायडेन यांनी १ डिसेंबर २०२४ रोजी मुलाला जवळपास अकरा वर्षांच्या काळातील गुन्ह्यांसाठी माफी दिली आणि २० जानेवारी २०२५ रोजी, पद सोडण्याच्या दिवशी, आरोपही नसलेल्या अनेकांना आगाऊ माफ्या दिल्या. त्याच दिवशी ट्रम्प यांनी ६ जानेवारीच्या संसद हल्ल्यातील सुमारे दीड हजार जणांना माफ केले. या सगळ्या माफ्यांवर कडाडून टीका झाली, आणि ती होऊ शकली कारण त्या उघड होत्या. गुप्त माफीचा धोका मोजताना ही गोष्ट मनात ठेवावी.

प्रथम घटनेचा मजकूर. माफीचे कलम एका लांब वाक्याच्या शेपटाला आले आहे. दुसऱ्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या विभागातल्या त्या वाक्यात राष्ट्राध्यक्ष सेनेचा सरसेनापती असल्याचे सांगितले आहे, मग तो खातेप्रमुखांकडून ‘लेखी’ अभिप्राय मागू शकतो असे म्हटले आहे, आणि लगेच माफीचा अधिकार दिला आहे. अभिप्रायाला ‘लेखी’ हे विशेषण आहे, माफीला नाही. अन्यत्र याच घटनेत उघडपणाच्या अटी जागोजागी आहेत. राष्ट्राध्यक्षाने विधेयक नाकारले तर आक्षेपांसह ते परत पाठवायचे, आणि ते आक्षेप सभागृहाच्या कामकाजाच्या वहीत नोंदवायचे. दोन्ही सभागृहांनी आपल्या वह्या वेळोवेळी प्रसिद्ध करायच्या. सरकारी जमाखर्चही प्रसिद्ध करायचा. ज्यांना हवा तिथे उघडपणा शब्दांत मागता येत होता, त्यांनी माफीच्या ठिकाणी तो मागितला नाही. गुप्त माफीच्या बाजूने यापेक्षा सबळ युक्तिवाद मला दिसत नाही, आणि त्याला सरळ सामोरे गेल्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही.

मात्र ज्यांनी हे शब्द लिहिले ते माफीच्या गैरवापराबद्दल बेफिकीर होते असे मुळीच नाही. फिलाडेल्फियाच्या परिषदेत मेरीलंडच्या ल्यूथर मार्टिन यांनी ‘दोषी ठरल्यानंतर’ ही अट सुचवली होती. पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी उत्तर दिले की साथीदाराची साक्ष मिळवण्यासाठी खटल्याआधीच माफी द्यावी लागू शकते. मार्टिन यांनी सूचना मागे घेतली. या चार वाक्यांच्या देवघेवीने पुढच्या दोन शतकांतील आगाऊ माफ्यांचा मार्ग मोकळा झाला. पण विल्सन यांचे कारण नीट पाहावे. माफी हवी होती ती साक्ष बाहेर यावी म्हणून. गुप्त माफी बहुतेक वेळा उलट कामाला येईल, तोंड बंद राहावे म्हणून.

दुसरा प्रसंग १७८८ मधला, व्हर्जिनियात घटनेच्या मंजुरीवर चर्चा चालू असतानाचा. जॉर्ज मेसन यांनी विचारले की राष्ट्राध्यक्षानेच सुचवलेले गुन्हे तो माफ करू लागला तर काय करायचे? जेम्स मॅडिसन यांचे उत्तर होते की राष्ट्राध्यक्षाचा एखाद्याशी संशयास्पद संबंध दिसला आणि तो त्याला पाठीशी घालील असे मानायला आधार असला, तर प्रतिनिधिगृह त्याच्यावर महाभियोग आणू शकते. हे उत्तर पुरेसे आहे की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण त्यात एक गृहीतक आहे: प्रतिनिधिगृहाला कळेल. जे कधी दिसलेच नाही त्यावर महाभियोग कसा आणणार? माफीवर घटनेने ठेवलेला अंकुश हा मतदाराच्या आणि संसदेच्या नजरेचा आहे. तीच नजर चुकवणारी माफी ही घटनेच्या शब्दांत बसत असेल, तिच्या रचनेत बसत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आता न्यायालयांकडे वळू. या विषयावरची जवळजवळ सगळी भांडणे दोन न्यायमूर्तींच्या दोन वाक्यांमध्ये अडकलेली आहेत. पहिले वाक्य सरन्यायाधीश जॉन मार्शल यांचे, १८३३ मधले. जॉर्ज विल्सन नावाच्या माणसाने पेनसिल्व्हेनियात टपाल लुटले होते. अँड्र्यू जॅक्सन यांनी त्याला फाशीच्या आरोपातून माफी दिली. पण दुसऱ्या आरोपाच्या सुनावणीत त्याला विचारले गेले तेव्हा त्याने त्या माफीचा फायदा घ्यायला नकार दिला. प्रश्न आला की न्यायालयाने आपणहून ती माफी विचारात घ्यावी का? मार्शल म्हणाले, नाही. माफी म्हणजे कृपेचे कृत्य. ते खासगी तरीही अधिकृत कृत्य आहे. ज्याच्यासाठी आहे त्याच्या हाती ते सोपवले जाते, न्यायालयाला अधिकृतपणे कळवले जात नाही. ते एखाद्या दस्तासारखे आहे: हाती दिल्याशिवाय पूर्ण होत नाही, आणि घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय देणे पुरे होत नाही.

गुप्त माफीचे समर्थक ‘खासगी’ या एका शब्दावर इमारत उभी करतात. मला ती कच्ची वाटते. मार्शल यांच्यापुढे लपवालपवीचा प्रश्नच नव्हता. विल्सनची माफी सर्वांना माहीत होती, सरकारी वकिलालाही. ते फक्त इतकेच सांगत होते की न्यायाधीशाने बाहेरचे ऐकून निकाल द्यायचा नसतो. जे त्याच्यापुढे रीतसर मांडले जाईल तेवढेच त्याने पाहायचे. म्हणजे मार्शल यांच्या निकालातून गुप्त माफीबद्दल निष्कर्ष निघतो तो वेगळाच: माफी न्यायालयात दाखवली नाही तर ती तिथे अस्तित्वातच नाही. मूठ झाकलेली असेपर्यंत तिचा कायद्याच्या दृष्टीने उपयोग शून्य, आणि ती उघडली की गुप्तता संपली.

‘हाती सोपवणे’ या अटीचे प्रत्यक्षात काय होते ते १८६९ मध्ये दिसले. अँड्र्यू जॉन्सन यांनी पद सोडता सोडता डी पुई नावाच्या कैद्याला माफी दिली. कागद ‘मार्शल’ या पदावरच्या फेडरल अधिकाऱ्यापर्यंत गेला, तुरुंगापर्यंत पोहोचला नाही. युलिसिस ग्रँट यांनी सूत्रे हाती घेताच पहिल्या काही दिवसांतच ती माफी रद्द केली. न्यूयॉर्कचे न्यायाधीश सॅम्युअल ब्लॅचफर्ड यांनी ग्रँट यांची बाजू उचलून धरली: हाती पडली नव्हती, म्हणून परत घेता आली. याच आधारावर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी डिसेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बांधकाम व्यावसायिकाला जाहीर केलेली माफी दुसऱ्याच दिवशी मागे घेतली. त्याच्या वडिलांनी रिपब्लिकन पक्षाला दिलेल्या देणग्यांची बातमी छापून आली होती, आणि माफीपत्र अजून सोपवले गेले नव्हते. उघडपणाने काय साधते याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण नाही. हीच माफी कुणाला न सांगता त्याच्या हातात ठेवली असती तर देणग्यांचा प्रश्न विचारायला कुणी उरले नसते.

या दोन प्रकरणांवरून एक नियम दिसतो. राष्ट्राध्यक्षाच्या खणात पडून असलेला सहीचा कागद ही माफी नव्हे. त्याचा उत्तराधिकारी तो फाडू शकतो, तो स्वतःही विचार बदलू शकतो. खणातल्या कागदाचा खरा धोका इथेच आहे. ज्याला त्याची आशा दाखवली आहे तो माणूस बांधला जातो. साक्षीला बोलावले तर काय बोलायचे, काय गाळायचे, हे तो त्या खणाकडे पाहून ठरवील. माफी अजून दिलेलीच नाही, त्यामुळे कायदा तिला हातही लावू शकत नाही, आणि तिचे काम मात्र चालू राहते.

१९१५ चे बर्डिक प्रकरण या संदर्भात मला फार महत्त्वाचे वाटते. जॉर्ज बर्डिक हे ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे शहर संपादक. जकातीच्या चोरीच्या बातम्या कुठून मिळाल्या, हे ग्रँड ज्यूरीने विचारले तेव्हा, आपल्यावरच आरोप येऊ शकतो म्हणून, त्यांनी पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन उत्तर नाकारले. त्यावर वुड्रो विल्सन यांनी त्यांना माफीच पाठवली. आता तुमच्यावर खटला होऊच शकत नाही, तेव्हा बोला! बर्डिक यांनी माफी नाकारली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. माफीत दोषाचा आरोप गृहीत असतो आणि ती स्वीकारणे म्हणजे कबुली, असेही न्यायमूर्ती मॅकेना यांनी लिहिले.

बर्डिकचे चित्र उलटे करून पाहावे. तिथे सरकारने माफी पुढे केली ती साक्षीदाराचे मौन मोडायला. गुप्त माफी मिळालेला साक्षीदार तो कागद खिशात ठेवून पाचव्या दुरुस्तीचे संरक्षण मागील. फेडरल खटल्याचा धोका त्याला उरलेला नाही, तरी तो धोका असल्याचे भासवील. सरकारी वकील त्याला सवलती देऊ करतील, ज्या त्याला आधीच मिळालेल्या आहेत. तपास करणारे वर्षे घालवतील. बहुतेक फेडरल गुन्ह्यांत खटला भरायला पाच वर्षांची मुदत असते. ती टळली तर कागद बाहेर काढायचीही गरज नाही. हा अन्याय केवळ सरकारवर नाही. त्याच कटातले जे छोटे लोक माफीविना राहिले, त्यांच्यावर खटले चालतील, आणि आपल्या बाजूने बोलू शकणारा माणूस का गप्प आहे हे त्यांना कधी कळणार नाही.

दुसरे वाक्य न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचे, १९२७ मधले. वुको पेरोविच याला अलास्कात खुनासाठी फाशीची शिक्षा झाली होती. विल्यम टॅफ्ट यांनी १९०९ मध्ये ती जन्मठेपेवर आणली. आपली संमती नव्हती, सबब ती जन्मठेप बेकायदा, असे पेरोविच अनेक वर्षांनी म्हणाला. होम्स यांनी ते फेटाळले. आमच्या काळात माफी ही सत्ता हाती असलेल्या एखाद्या व्यक्तीने केलेली खासगी कृपा नाही, ती घटनेच्या योजनेचा भाग आहे, असे त्यांनी लिहिले. ती दिली जाते तेव्हा वरिष्ठ सत्तेने ठरवलेले असते की शिक्षा कमी केल्याने लोकहित अधिक साधेल. कैद्याची संमती हा मुद्दाच नाही.

होम्स यांच्या वाक्याने गुप्त माफीचा निकाल लागला असे वरवर वाटते, पण ते तितके सोपे नाही. संमती लागत नसेल तर स्वीकार लागत नाही. स्वीकार लागत नसेल तर हाती सोपवणेही कशाला? मग सही होताक्षणी माफी पूर्ण झाली, आणि खणातला कागदही पक्का झाला, असे कोणी म्हणू शकतो. म्हणजे ज्या निकालाने माफीला सार्वजनिक कृत्य म्हटले, त्याच निकालाच्या तर्कावर चालून गुप्त माफी आणखी घट्ट करता येते. या पेचातून बाहेर पडण्याचा प्रामाणिक मार्ग मला एकच दिसतो. मार्शल यांच्याकडून संमती काढून घेतली तर त्या जागी काहीतरी ठेवलेच पाहिजे. माफी लोकहितासाठी असेल तर तिची पूर्तता ज्या क्षणी होते तो क्षण लोकांना कळण्याजोगा असला पाहिजे: न्याय खात्यातली नोंद, न्यायालयातले निवेदन, निदान दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असलेली तारीखवार प्रत. होम्स यांनी हे म्हटलेले नाही. मी म्हणतो आहे, आणि त्यांच्या वाक्याचा अर्थ तसा घेतल्याशिवाय त्याला काही अर्थ उरत नाही असे मला वाटते.

न्यायालये इतकी पुढे गेलेली नाहीत. २०२४ मध्ये जेम्स रोझमंड नावाच्या कैद्याच्या प्रकरणात चौथ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयापुढे विचित्र प्रश्न आला. ट्रम्प यांनी डिसेंबर २०२० मध्ये दूरध्वनीवर त्याच्या समर्थकांशी बोलताना त्याला नाताळापर्यंत घरी आणण्याची भाषा केली, त्यातच आपली शिक्षा कमी झाली, असा त्याचा दावा होता. न्यायालयाने दावा फेटाळला, कारण त्या बोलण्यात निर्णय नव्हता, इरादा होता. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की माफी लेखीच असली पाहिजे अशी अट घटनेत नाही. १९२९ मध्ये सॉलिसिटर जनरलनेही हेच मत दिले होते: माफी कोणत्या पद्धतीने द्यायची आणि तिचा पुरावा कसा ठेवायचा हे राष्ट्राध्यक्षानेच ठरवायचे. बायडेन यांच्या माफ्यांवर यंत्राने सही उमटवली म्हणून त्या रद्दबातल, असे ट्रम्प यांनी मार्च २०२५ मध्ये जाहीर केले, ते या जुन्या मताशी जुळत नाही. सहीचे यंत्र ही गौण बाब आहे. निर्णय कोणी घेतला आणि केव्हा, हा प्रश्न खरा आहे, आणि गुप्त माफीत नेमके तेच सिद्ध करणे कठीण होते.

पुराव्याचा हा मुद्दा वकिलीतला बारकावा म्हणून सोडून देऊ नये. समजा, पायउतार झालेल्या राष्ट्राध्यक्षाने दोन वर्षांनी एका कागदावर मागची तारीख टाकून सही केली. पद गेले त्या क्षणी त्याचा अधिकार संपला, तेव्हा तो कागद निव्वळ बनावट. पण कोणत्याही वहीत नोंद नसलेला खरा गुप्त कागद आणि हा बनावट कागद शेजारी ठेवले तर न्यायाधीशाने फरक कसा ओळखायचा? दोघांवर सही खरीच आहे. म्हणून माफी दाखवणाऱ्यावरच तिची तारीख सिद्ध करण्याचा पूर्ण भार टाकला पाहिजे. हे करायला नवा कायदा लागत नाही. माफी रीतसर मांडली पाहिजे हे मार्शल यांनीच सांगून ठेवले आहे, आणि रीतसर मांडण्यात ती केव्हा दिली ते सिद्ध करणे आलेच.

गुप्त असो की उघड, माफीच्या काही मर्यादा पक्क्या आहेत. ती फेडरल गुन्ह्यांपुरतीच चालते. न्यूयॉर्क किंवा जॉर्जियाच्या राज्य कायद्याखालचा गुन्हा तिच्या बाहेर. घडून गेलेल्या गुन्ह्यालाच ती लागू होते, त्यावर आरोप ठेवला गेला असो वा नसो. हे १८६६ च्या गारलँड प्रकरणापासून स्थिर आहे. उद्याच्या गुन्ह्याला ती आज देता येत नाही. महाभियोग ती थांबवू शकत नाही. काँग्रेस तिचा परिणाम कायद्याने पुसू शकत नाही, हे १८७१ च्या क्लाइन प्रकरणात ठरले.

उद्याचा गुन्हा माफ होत नाही, या नियमात तपास करणाऱ्यांसाठी एक साधे हत्यार आहे. साक्षीदाराला शपथेवर पहिलाच प्रश्न विचारावा: तुम्हाला राष्ट्राध्यक्षांकडून कोणतीही माफी, लेखी वा तोंडी, मिळाली आहे का, किंवा देऊ करण्यात आली आहे का? खोटे उत्तर दिले तर तो माफीनंतरचा नवा गुन्हा, आणि त्याला जुन्या कागदाचे संरक्षण नाही. प्रत्येक ग्रँड ज्यूरीने आणि काँग्रेसच्या प्रत्येक समितीने हा प्रश्न सवयीने विचारायला हवा.

स्वतःलाच दिलेल्या माफीवर न्यायालयाचा निकाल नाही. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या राजीनाम्याच्या चार दिवस आधी, ५ ऑगस्ट १९७४ रोजी, न्याय खात्याच्या मेरी लॉटन यांनी थोडक्यात लिहून दिले की कोणी स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश होऊ शकत नाही, म्हणून राष्ट्राध्यक्षाला स्वतःला माफ करता येत नाही. महिन्याभराने जेराल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना माफी दिली ती दूरचित्रवाणीवर, देशापुढे बसून. पुढच्या निवडणुकीत ते हरले. माफीने कितपत घात केला यावर इतिहासकार वाद घालोत. पण त्यांनी ती किंमत उघड्यावर मोजायची तयारी ठेवली. गुप्त स्वमाफीत किंमत मोजणारा कुणीच नसतो. देणारा तोच, घेणारा तोच, साक्षीदारही तोच. असा कागद न्यायालयापुढे आला तर तो फेटाळला जावा, आणि तो फेटाळायला लॉटन यांचे एक वाक्य पुरेसे आहे.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये याला कारण आहे. आपल्या राज्यघटनेने ७२व्या कलमात राष्ट्रपतीला आणि १६१व्या कलमात राज्यपालाला माफीचा अधिकार दिला. इंदिरा गांधी हत्येतील केहर सिंग प्रकरणात, १९८८ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराचे स्वरूप सांगताना होम्स यांचेच वाक्य उद्धृत केले. आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो, १९८० च्या मारू राम निकालाने ते माफीलाही लागू केले, त्यामुळे निदान फाइल असते, शेरे असतात, आणि एकट्या माणसाच्या खणात माफी राहू शकत नाही. २००६ च्या एपुरू सुधाकर निकालानंतर दुष्ट हेतूने दिलेली माफी न्यायालय रद्दही करू शकते. अमेरिकेत तसे नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०२४ च्या ट्रम्प प्रकरणात माफीचा अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या गाभ्यातला मानून न्यायालयाला आणि काँग्रेसला तिथून बरेच दूर ठेवले.

महाराष्ट्राने या अधिकाराचा उघड संघर्ष पाहिला आहे. ११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नौदल अधिकारी के. एम. नानावटी यांना जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षेला स्थगिती दिली. नानावटी नौदलाच्याच ताब्यात राहिले. उच्च न्यायालय अस्वस्थ झाले, वृत्तपत्रांत रान पेटले, आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की प्रकरण आपल्यापुढे असताना राज्यपालांची स्थगिती चालणार नाही. १९६४ मध्ये विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना नानावटींना अखेर माफी मिळाली. या कहाणीतला प्रत्येक निर्णय चूक की बरोबर यावर दोन मते आहेत, पण प्रत्येक निर्णयाला तारीख होती आणि त्यावर भांडता आले.

आपल्याकडची गुप्तता उलट्या दिशेची आहे. दयेचा अर्ज फेटाळल्याचे लपवले जाते. अजमल कसाबचा अर्ज ५ नोव्हेंबर २०१२ रोजी फेटाळला गेला, आणि देशाला ते कळले २१ तारखेला येरवड्यात फाशी झाल्यावर. अफझल गुरूच्या कुटुंबाला पत्र पोहोचले ते त्याच्या फाशीनंतर. जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने दंडक घातला: नकार लेखी कळवला पाहिजे आणि फाशीपूर्वी चौदा दिवस मिळाले पाहिजेत. दयेचा निर्णय कळवल्याशिवाय अमलात आणायचा नाही, हे तत्त्व नकाराला लागू असेल तर होकाराला का नसावे, हा प्रश्न अमेरिकी वकिलांनी आपल्या निकालापासून घ्यायला हरकत नाही.

माझा निष्कर्ष असा. अमेरिकेच्या घटनेच्या शब्दांवर बोट ठेवून पाहिले तर, हाती सोपवलेली पण लपवलेली माफी केवळ लपवली म्हणून शून्यवत ठरत नाही. हे मला आवडत नाही, पण ते खरे आहे असे वाटते. म्हणून उपाय वैधतेच्या वादात शोधण्याऐवजी नोंदीत शोधावा. प्रत्येक माफी दिल्यापासून ठरावीक दिवसांत सरकारी राजपत्रात छापली जावी. याने राष्ट्राध्यक्षाच्या अधिकाराला कात्री लागत नाही; कोणाला माफ करायचे हे तोच ठरवतो, फक्त ते सांगावे लागते. १९७८ च्या राष्ट्राध्यक्षीय दस्तऐवज कायद्याने त्याचे कागद आधीच राष्ट्राच्या मालकीचे केले आहेत, त्याच्याच पुढचे हे पाऊल आहे. ट्रम्प निकालानंतर असा कायदा टिकेल का, याची परीक्षा व्हायला हवी, आणि ती कायदा केल्याशिवाय होणार नाही.

तसा प्रयत्न अर्धवट झाला आहे. राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या प्रकरणांतील माफीची कागदपत्रे काँग्रेसपुढे ठेवावीत आणि स्वमाफी अवैध मानावी, अशी तरतूद असलेले विधेयक प्रतिनिधिगृहाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केले. सिनेटने ते मंजूर केले नाही.